गाडी क्रमांक एकची मूळ फाईल

रविवार, १२ जून. सकाळी आठ. संस्थेच्या मागची पत्र्याची शेड, लातूर.

हजर :
१. मी, वाहन विभाग.
२. संचालक (सव्वानऊला आले).
३. पुण्याहून आलेले ट्यूनिंगचे सर, लॅपटॉपसह.
४. चालक सात, गाड्या सात.
५. सूत्रसंचालनासाठी मराठीचे सर.
६. फोटोग्राफर.
७. शाल, श्रीफळ, हार, माईक.
गैरहजर : इलेक्ट्रिशियन.

वहीतलं पान जसंच्या तसं उतरवलंय. सातव्या नोंदीत माणूस नाही हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं. पण त्या दिवशीचं काम त्या चार वस्तूंनीच बिघडवलं, म्हणून नोंद खोडली नाही.

माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. त्यानंतर दहा वर्षं मी नांदेडला डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात काम केलं. पंप उतरवायचा, टेस्ट बेंचवर चढवायचा, प्रत्येक नळीतून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळकांड्यात बघायचं आणि लिहून ठेवायचं. पुढं गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करायला लागला, दुकान बसलं आणि मी लातूरच्या या कोचिंग संस्थेत वाहन विभागाला आले. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि सात गाड्या. त्यातल्या सहा संस्थेच्या, सगळ्या एकाच वर्षी घेतलेल्या. सातवी गाडी कंत्राटी. तिचा मालकच ती चालवायचा. त्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो. हदगावकडचा माणूस. रोज सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर, म्हणून माझ्या वहीत त्याची गाडी क्रमांक एक.

संस्थेची एक शाखा नांदेडला होती. तिथली मुलं दर रविवारी संयुक्त परीक्षेसाठी लातूरला आणायची. आमच्या गाड्यांना लागायचे तीन तास, म्हणून पेपर दहाला सुरू व्हायचा. समोरच्या क्लासचा नऊला. त्यांनी तसा फ्लेक्सच लावला होता. संचालकांनी तो वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, पालक विचारतात, तुमची मुलं तो एक तास काय करतात."

"गाडीत बसतात," मी म्हणाले.

"तेच. तो तास आपल्याला परत मिळवायचाय."

मी म्हणाले, एक तास आधी निघू. ते म्हणाले, मुलांची झोप मोडते, झोप मोडली की मार्क जातात. मग मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात काळा चष्मा लावलेला एक माणूस गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून बोलत होता. कंपनी इंजिनाचं पोटेन्शियल दाबून ठेवते, आम्ही ते मोकळं करतो, असं त्याचं म्हणणं. पोटेन्शियल हा शब्द संचालक स्वतः दर पालक मेळाव्यात दहादा वापरायचे. त्यांना तो माणूस लगेच आपला वाटला.

लातूरचं तेव्हा असं झालं होतं की ज्याला दुसऱ्यापेक्षा चार शब्द जास्त येतात तो सर. भूकंपाच्या वर्षी हा शब्द या गावात शाळेच्या फाटकापर्यंत चालायचा. पुढच्या वीस-बावीस वर्षांत गल्लोगल्ली क्लास झाले, क्लासच्या वर वसतिगृह, वसतिगृहाच्या खाली मेस, मेसशेजारी झेरॉक्स, आणि झेरॉक्सवालाही सर. त्यामुळं व्हिडिओतला माणूस बोलावणं जायच्या आधीच ट्यूनिंगचे सर होऊन बसला.

तो करणार होता ते काम मी थोडक्यात सांगते, कारण शेडमधल्या कुणालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाटेत एक चक्र फिरवतो. ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा टर्बो. हवा जास्त तेवढं डिझेल जास्त जाळता येतं, तेवढी ताकद. किती वेगाला हवेचा दाब किती ठेवायचा, याचे तक्ते गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. त्याशिवाय एक कमाल मर्यादा असते : दाब एवढ्याच्या पुढं गेला तर डिझेल कमी कर. ट्यूनिंग म्हणजे हे तक्ते लॅपटॉपवर वाचायचे, दाबाचे आकडे वाढवायचे, कमाल मर्यादाही वर सरकवायची, नाहीतर ती मध्येच हात धरणार, आणि बदललेली फाईल गाडीत परत भरायची. नीट केलं तर काम अवघड नाही. नीट करणाऱ्याला एका गाडीला अर्धा दिवस लागतो. सरांनी सात गाड्यांना अर्धा दिवस सांगितला होता.

आदल्या शनिवारी मामा माझ्याकडं आले. हातात टोपी.

"ताई, माझी गाडी म्हातारी हाय. तिला ह्ये सोसंल का?"

"सोसेल असं मी कशी सांगू?"

"न्हाई केलं तर नांदेडची खेप जाते. साहेब म्हनले, सव्वादोन तासात येनाऱ्यालाच ठेवतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्यांच्या सहा गाड्या हायत. एक बसली तर दुसरी निघंल. माझ्याकडं ही एकच हाय. तुमी हाव म्हना, मी लावतो. तुमी न्हाई म्हना, मी न्हाई लावत."

मी हो म्हणाले, पण एका अटीवर. आधी मूळ फाईल वाचून आमच्याकडं जपून ठेवायची, म्हणजे गाडीला मानवलं नाही तर होती तशी करता येईल. ही अट मी सातही गाड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकाला लिहिली. दुसऱ्या क्रमांकाला लिहिलं : वाचताना आणि लिहिताना बॅटरी चार्जरवर ठेवणे. मधे व्होल्टेज पडलं की वाचन तुटतं. हे ट्यूनिंगच्या सरांनाही माहीत असायला हवं होतं. माझ्या माहितीप्रमाणे ते होतं.

त्या रविवारी परीक्षा ठेवली नव्हती. आठला गाड्या रांगेत लागल्या. शेडमधल्या चार सॉकेटपैकी दोनच चालू होते. बाकी दोन दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन येणार होता. तो आला नाही. एका सॉकेटवर मी चार्जर लावला, दुसऱ्यावर सरांचा लॅपटॉप. सरांनी माझ्या हातातली यादी बघितली आणि हसले.

"मॅडम, हे सगळं आम्ही डोक्यात ठेवतो."

"मी वहीत ठेवते," मी म्हणाले.

"तुम्ही फक्त बॉनेट उघडून द्या."

बॉनेट मामांनी उघडलं. मी बॅटरीला चार्जर जोडला, सरांनी वायर जोडली आणि गाडी क्रमांक एक वाचायला लावली. ही वेळ कामासाठी निवडलेली नव्हती. फोटोग्राफरला लॅपटॉपच्या पडद्यावर काहीतरी हललेलं हवं होतं, म्हणून संचालक आल्याचा निरोप आल्यावर वाचन सुरू झालं. वाचनाला पंचवीस मिनिटं लागणार होती. सत्काराला, मराठीचे सर असल्यामुळं, पाऊण तास लागला.

आमच्याकडं सत्कार केल्याशिवाय कुठलं काम सुरू होत नाही. बोअरवेलची गाडी आली की ड्रिलवाल्याचा सत्कार. नवीन मेसवाला आला की त्याचा सत्कार, आणि महिन्यानं त्याला हाकलून दुसरा आणला की दुसऱ्याचा. ज्यानं अजून काहीच केलेलं नाही त्याच्या खांद्यावर शाल टाकायची, आणि मग त्यानं काम बिघडवलं तरी बोलायची सोय उरत नाही, कारण आपणच त्याला थोर म्हटलेलं असतं.

मराठीच्या सरांनी माईक हातात घेतला. माईकला आवाज येईना. स्पीकरला वीज नव्हती. त्यांनी शेडमध्ये नजर फिरवली, दोन चालू सॉकेट बघितले. लॅपटॉपची पिन काढणं बरं दिसणार नाही एवढं त्यांना कळलं. चार्जरची पिन काढून त्यांनी स्पीकरची लावली. मी तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या मोजत होते, कारण संचालकांना पहिल्या रांगेत पाच हव्या होत्या आणि चारच होत्या.

मग भाषण. विद्यार्थ्यांमधली सुप्त शक्ती, इंजिनामधली सुप्त शक्ती, दोघांनाही योग्य गुरूची गरज. संचालकांनी मान डोलावली. मामा बॉनेटजवळ उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं भाषणाला कंटाळून बघतायत. नंतर त्यांनी सांगितलं की पिन निघालेली त्यांनी बघितली होती.

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"सर बोलून राहिले होते ना. मधी कसं बोलावं?"

शेवटी मराठीच्या सरांनी मलाही पुढं बोलावलं. वाहन विभागाचं मोलाचं सहकार्य. गुलाबाचं फूल दिलं. मी फूल घेऊन बॉनेटजवळ आले तेव्हा ट्यूनिंगचे सर लॅपटॉप मिटवत होते.

"एक नंबरची वाचून झाली?"

"झालं, झालं."

"सेव्ह?"

त्यांनी लॅपटॉप उघडून फोल्डर दाखवला. गाडी एक, मूळ. त्या नावाची फाईल होती. मी वहीत टिक केली. फूल अजून डाव्या हातात होतं.

वाचन मध्येच तुटलं होतं. चार्जर निघाल्यावर बॅटरीचं व्होल्टेज पडलं आणि फाईल अर्धीच आली. हे सरांना त्याच क्षणी दिसलं असणार, पडद्यावर लाल अक्षरात येतं ते. पण त्यांच्या अंगावर शाल होती, समोर पाच खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या गाडीची फाईल वाचली, ती पूर्ण आली. तिच्यातले दाबाचे आकडे वाढवले आणि तीच फाईल सातही गाड्यांत भरली. बाकी पाचांच्या मूळ फायली मी मागं उभी राहून वाचून घेतल्या म्हणून त्या वाचल्या, आणि सातही पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. पण भरली सगळीकडं दोन नंबरचीच. एका मुलाच्या नोट्स सगळ्या बॅचनं झेरॉक्स करायच्या, ही गावाची पद्धतच होती. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मॉडेल एकच आहे ना मॅडम, बॉक्सचा नंबर एकच आहे." बॉक्स म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. त्याचा नंबर एकच होता हे खरं. मामांची गाडी बाकी सहांपेक्षा तीन वर्षं जुनी होती हेही खरं.

दुपारी निघताना सर संचालकांना म्हणाले, "इंजिन तेच, ताकद तीस टक्के जास्त."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, दुसऱ्या तोंडून, दुसऱ्या शब्दांत. भूकंप झाला तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होते. औसा भागातल्या एका गावात आमच्या कॉलेजची मुलं-मुली मदतीला नेली होती. माझं अक्षर बरं, म्हणून मला याद्या करायला बसवलं. कुणाला चादरी, कुणाला भांडी, कोण दवाखान्यात, कोण कुणाकडं राहिलंय. यादी चुकली की माणूस उपाशी राहतो, हे मला तिथं कळलं. त्या गावातली घरं दगडमातीची, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं छप्पर. पाऊस गळू नये म्हणून दर मृगाच्या आधी त्यावर मातीचा थर चढवायचा. एक म्हातारे ओव्हरसियर पडलेल्या छपरांची जाडी टेपनं मोजत फिरत होते आणि आकडे मला सांगत होते. एका ठिकाणी हात कोपरापर्यंत मातीत गेला. त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, "घर बांधलं तेव्हा माती किती होती?"

"वीतभर असंल."

"आणि आता?"

"आता बघाच की तुमी."

"आणि लाकूड?"

"लाकूड त्येच."

ओव्हरसियर टेप गुंडाळत पुढच्या घराकडं गेले. मी लाकडाच्या रकान्यात "तेच" असं लिहिलं. त्या माणसांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. ते गळकं छप्पर लिंपत होते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ट्यूनिंगच्या सरांना मात्र सगळं माहीत होतं आणि त्याचंच ते व्याख्यान देत फिरत होते. म्हणून त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते त्या गावकऱ्यांबद्दल कधी वाटलं नाही.

पुढचे पाच रविवार गाड्या सव्वादोन तासात आल्या. संचालकांनी नवा फ्लेक्स लावला. सहा चालक खूश होते. ओव्हरटेक करताना गाडी कशी उडी मारते ते एकमेकांना हातानं करून दाखवायचे. मामा खूश नव्हते.

"ताई, शिट्टी वेगळी वाजून राहिली."

"कुठं?"

"चढाला. आधी बारीक वाजायची. आता केकाटती. आन् लई धूर मारती."

मी स्कॅनर लावून बघितला. एकही दोष नाही, इंजिनचा दिवा बंद. एवढी स्वच्छ गाडी मी दहा वर्षांत बघितली नव्हती, आणि तिथंच मला संशय यायला हवा होता. सरांना फोन केला. ते म्हणाले, चढावर शिट्टी म्हणजे टर्बो छान काम करतोय, मॅडम, एन्जॉय करा. मी मामांना सांगितलं, चढावर जरा दमानं घ्या. यादीत लिहिलं : क्र. १, आवाज, पाहणे. सोमवार. सोमवारी संस्थेत निकालाची मिरवणूक होती आणि सातही गाड्या त्यात लागल्या. मंगळवारी मी विसरले नाही, पण गाडी नांदेडला होती.

सहाव्या रविवारी अहमदपूरच्या अलीकडच्या चढावर गाडी क्रमांक एकचा टर्बो तुटला. गाडीत अकरा मुलं होती. मामांनी नंतर सांगितलं ते असं : शिट्टी चढत गेली, मग काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, मागं सगळं पांढरं झालं. त्यांनी पाय काढला तरी इंजिन पळतच होतं. चावी फिरवून बंद केलं, तरी पळत होतं. टर्बोचा दांडा तुटला की त्यातून इंजिनाचंच ऑइल आत जातं आणि इंजिन तेच जाळत सुटतं, त्याला चावीची गरज उरत नाही. मामांनी गाडी वरच्या गियरमध्ये टाकली, ब्रेकवर उभे राहिले आणि क्लच सोडून इंजिन जबरदस्तीनं बंद पाडलं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं असं नाही. मुलांना उतरवून बाभळीखाली बसवलं आणि मला फोन केला.

"पोरं बरी हायत. गाडी गेली, ताई."

मी संचालकांना कळवलं. ते म्हणाले, "पेपर नऊला सुरू करायचा की थांबायचं?" मी म्हणाले, मुलं सुखरूप आहेत. ते म्हणाले, "हो, हो, ते तर झालंच." पेपर नऊला सुरू झाला.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. मी टर्बो उतरवला. चक्राची पाती वितळल्यासारखी वाकलेली. मग मी एक गोष्ट केली जी १२ जूनला करायला पाच मिनिटं लागली असती. इंजिन बंद ठेवून चावी दिली आणि स्कॅनरवर हवेच्या दाबाचा आकडा बघितला. बंद गाडीत तो बाहेरच्या हवेइतकाच दिसायला पाहिजे. शेजारच्या गाडीत बरोबर दिसत होता. मामांच्या गाडीत बराच कमी. जुन्या गाडीतला दाब मोजणारा सेन्सर वेगळ्या मापाचा होता, आणि नवी फाईल त्याचं बोलणं नव्या सेन्सरच्या हिशोबानं ऐकत होती. आत दाब दोन असला तर कॉम्प्युटरला दीड वाटायचा. मग तो म्हणायचा, कमी आहे, अजून दे. सरांनी वर सरकवलेली मर्यादासुद्धा त्याला कधी गाठली जातेय असं वाटलंच नाही. गाडीनं दिवा लावून सांगितलं असतं, पण सरांनी सातही गाड्यांत दिव्याचे इशारेच बंद करून ठेवले होते, ग्राहकाला त्रास नको म्हणून. समोरच्या क्लासमध्येही असं करतात असं ऐकून होते. मुलगा घरी जायचं म्हणाला की त्याचा फोन काढून घेतात.

बंद गाडीतला दाब बघणे ही ओळ माझ्या यादीत नव्हती. फाईल आहे का, हा रकाना होता. पूर्ण आहे का, हा नव्हता. त्या संध्याकाळी मी सातही मूळ फायलींचे आकार कागदावर उतरवले. सहा सारखे, पहिला जवळजवळ निम्मा. हे एवढं ठळक होतं की वहीत नुसतं एकाखाली एक लिहिलं असतं तरी दिसलं असतं.

सरांना फोन केला. म्हणाले, "तुमच्या ड्रायव्हरनं चढावर रगडली असेल." मी आकार वाचून दाखवले. ते म्हणाले, "अहो, त्या दिवशी लाईट गेली होती तुमच्याकडं." लाईट गेली नव्हती. लाईट माईककडं गेली होती. नंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

सहा गाड्यांत मी मूळ फायली परत भरल्या, नांदेडच्या ओळखीच्या दुकानातून लॅपटॉप आणि वायर मागवून, चार्जर लावून, शेडचं दार आतून बंद करून. संचालकांना सांगितलं नाही. पुढच्या रविवारी गाड्या पुन्हा तीन तासात आल्या. त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रस्त्याचं काम चालू आहे. ते खरंही होतं. तो रस्ता कधी काम चालू नसलेला मी बघितला नाही.

मामांच्या गाडीला नवा टर्बो बसला, इंजिन उघडून साफ केलं, ते नशिबानं वाचलं. पण गाडीच्या डोक्यात फाईल परकीच. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं की आतले आकडे कुणीतरी बदललेत, आमची मशीन त्यात लिहू देत नाही, नवा बॉक्स टाका. आणि त्या वर्षाचा बॉक्स आता येत नाही. दोन नंबरची मूळ फाईल टाकली तरी सेन्सरचं भांडण तसंच राहतं. सेन्सर नव्या मापाचा टाकून बघितला, तर त्याचं तोंड त्या नळीत बसेना. मला हवी होती तशाच जुन्या, त्याच वर्षाच्या, कुणी हात न लावलेल्या गाडीतली फाईल.

तोवर मी एक उपाय केला. लाकडाचा एक गुटका कापला आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली खिळ्यानं बसवला. पेडल निम्म्याच्या वर दबतच नाही. डिझेल कमी, धूर कमी, चक्र कमी फिरतं.

"ह्ये काय हो ताई," मामा म्हणाले, "कॉम्प्युटरच्या गाडीला लाकूड."

"फाईल मिळेपर्यंत."

"आन् न्हाई मिळाली तर?"

"मिळेल."

संस्थेची खेप गेलीच. गुटका लावलेली गाडी सव्वातीन तास घेते. आता मामा रविवारी हदगाव आणि अर्धापूरकडचे पालक घेऊन लातूरला येतात, मुलांना भेटायला आलेले, मांडीवर डबे घेऊन बसलेले. त्यांना घाई नसते. पण रस्ता चढाचा, गाडी भरलेली, आणि कधीतरी कुणीतरी आजारी मुलाला घ्यायला निघालेलं असेल तेव्हा मामा तो गुटका उपटणार, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. एकदा त्यांनी तसं सांगितलंही. "एखाद्या दिशी काढावा लागंल, ताई. तवर फाईल आना."

मी शोध लावला. उदगीरला तशी एक गाडी सापडली, एका कोचिंगवाल्याची. गेले. बॉनेट उघडायच्या आधीच भिंतीवर फ्लेक्स दिसला : ट्यूनिंग सरांचं सहर्ष स्वागत. फ्लेक्सवर सरांचा शाल घेतलेला फोटो, शेजारी उघडं बॉनेट, बॅटरीवर चार्जर, आणि चार्जरची वायर खाली सुटलेली. फोटोतली गाडी मामांची होती, शेड आमची. तिथल्या माणसानं मला विचारलं, "सरांची ओळख आहे का?" मी नाही म्हणाले आणि परत आले. त्या गाडीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसरी किनवटला आहे, एका निवासी शाळेची. चालकाशी फोनवर बोलले. बॉक्सवरचं स्टिकर त्यानं वाचून दाखवलं, एकेक अक्षर, मी लिहून घेतलं, जुळतं. गाडीला कुणी लॅपटॉप लावलाय का, विचारलं. तो म्हणाला, "हितं लॅपटॉपच एक हाय, त्यो मुख्याध्यापकाच्या कपाटात हाय." मुख्याध्यापकांनी लेखी अर्ज मागितला. अर्ज पाठवला. ते म्हणाले, या, पण वाहन समितीच्या बैठकीनंतर. बैठक एकदा ठरली, तेव्हा अध्यक्ष गावाला गेले. दुसऱ्यांदा ठरली, तेव्हा गाडी मुलांना घेऊन खेळाच्या स्पर्धेला गेली. तिसऱ्या वेळी फोनवर त्यांनी विचारलं, तुम्ही येताय तर छोटासा सत्कार ठेवू का. मी म्हणाले, सत्कार नको, एक चालू सॉकेट ठेवा. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. बहुधा राग आला.

मामा परवा येऊन गेले. गुटक्याची एक कड झिजली होती, मी नवा कापून दिला. जुना त्यांनी खिशात टाकला.

वहीतलं शेवटचं पान :

क्र. १. किनवट. मुख्याध्यापकांना पुन्हा फोन.
चार्जर आपला नेणे. एक्स्टेंशन बोर्ड आपला नेणे.
बंद गाडीतला दाब आधी पाहणे.
फाईल वाचणे. आकार पाहणे. मगच टिक.

टिक बाकी.